रबराच्या झाडाची वंशावळ

हेन्री विकम या इंग्रजाने 1876 साली ब्राझीलमध्ये तापाझोस नदीकाठच्या जंगलातून रबराचं सुमारे 70,000 बी गोळा केलं आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचवलं. हे बी नाजूक, फार दिवस टिकत नाही. त्यामुळे शेकडा चारच्या आसपासच रुजलं. त्यातली 1,919 रोपं सिलोनला रवाना झाली. पुढच्या वर्षी 22 रोपं सिंगापूरला पोचली. केरळपासून मलायापर्यंतच्या बागांचं मूळ मुख्यतः या मूठभर रोपांत आहे. त्यांचं बी जिथून आलं, तो अ‍ॅमेझॉनच्या अफाट जंगलाचा एक लहानसा कोपरा होता.

सुरुवातीच्या बागा बियांच्याच. शेजारशेजारच्या दोन झाडांत एक चिकाने वाटी भरी, दुसऱ्याच्या वाटीचा तळही झाकत नसे. चांगल्या झाडाचं बी लावावं तर परपरागणामुळे आईचा गुण लेकराकडे येईलच, याचा भरवसा नाही. जावातल्या डच बागायतदारांनी 1915च्या सुमारास खुंटावर डोळा भरून हा प्रश्न सोडवला. कोकणातला शेतकरी हापूसची जात कलमाने राखतो, तशी भरपूर चीक देणाऱ्या एकेका झाडाची हजारो झाडं आता उभी राहू लागली.

पुढची पायरी संकराची, आणि तिथे लागणारा धीर थक्क करणारा आहे. कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेने 1954 साली जावाचा ‘त्जिर 1’ आणि मलायाचा ‘ग्लेनशील 1’ यांचा संकर केला. फुलं इवलीशी, परागण हाताने. शंभर फुलांमागे पाच फळं धरणंही मुश्कील. रोप वाढून चिकाजोगं व्हायला सात वर्षं, मग कलमांच्या चाचण्या. ‘आरआरआयआय 105’ हा वाण बागायतदारांच्या हाती पडला तो 1980 साली! बियांच्या जुन्या बागा हेक्टरी 500 किलोच्या आसपास रेंगाळत. नीट राखलेल्या बागेत हा वाण 2,000 किलोंच्या पुढे जातो. केरळने तो डोक्यावर घेतला यात नवल नाही.

पण बागांमागून बागा एकाच झाडाच्या डोळ्यांतून उभ्या राहणं ही मोठी जोखीम आहे. पानं करपवणाऱ्या बुरशीने ब्राझीलमध्ये हेन्री फोर्डच्या फोर्डलँडियातली लागवड मोडून काढली होती. उत्तर कोकणात पालघर जिल्ह्यातल्या दापचरी केंद्रात अडचण वेगळी आढळली: पाऊस संपला की लांबलेला कोरडा उन्हाळा, आणि केरळच्या दमट हवेत निवडलेली झाडं तिथे पाण्यावाचून खंगतात. रोग आणि दुष्काळ सोसण्याचे नवे गुण विकमच्या त्या तोकड्या बियाण्यात मिळतीलच असं नाही.

म्हणूनच 1981 साली रबर-उत्पादक देशांची एक मोहीम पुन्हा ब्राझीलला गेली. आक्रे, रोंदोनिया आणि मातो ग्रोसो या राज्यांतून 64,736 बिया जमवल्या गेल्या. त्यांपैकी निम्म्या ब्राझीलमध्येच राहिल्या, बाकीच्या मलेशिया आणि आयव्हरी कोस्टला गेल्या. मलेशियातून पुढे भारतालाही साहित्य मिळालं. या रानझाडांना चीक मात्र फारच कमी. त्यांचा काटकपणा आणि बागेतल्या झाडांचा चीक एकाच झाडात आणायचा तर संकराच्या अनेक पिढ्या लागतात, आणि इथे एका पिढीची परीक्षा व्हायलाच वीस-पंचवीस वर्षं जातात.