खोडदची रेडिओ-दुर्बीण

जुन्नर म्हटलें कीं शिवनेरी आठवतो, तसाच नाणेघांटांतील सातवाहनांचा शिलालेखही आठवतो. दोन हजार वर्षांपूर्वींच्या राजकुळाची हकीकत त्या झिजलेल्या अक्षरांवरून जुळवावी लागते. याच तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, त्याहूनही फार जुने लेख वाचण्याचें काम चालतें. ते लेख दगडावर नसून आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींत आहेत.

इ. स. १९६३ मध्यें मार्टेन श्मिट या ज्योतिर्विदानें '३ सी २७३' ही ताऱ्यासारखी दिसणारी ज्योत सुमारें २४० कोटी प्रकाशवर्षें दूर असल्याचें दाखविलें. अशा ज्योतींस 'क्वेसार' हें नांव पडलें. त्यांच्या पोटांत सूर्याच्या कोट्यवधि पट वस्तुमानाचें कृष्णविवर असतें. त्याकडे ओढलें जाणारें द्रव्य भोंवऱ्यासारखें फिरून तापतें. कित्येकदां त्यांतील कांहीं भाग दोन विरुद्ध दिशांनीं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें, झोतरूपानें बाहेर फेकला जातो. झोतांतील विद्युत्कण चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेतांना रेडिओलहरी सोडतात.

त्याच वर्षीं गोविंद स्वरूप अमेरिकेंतून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले. १९७० मध्यें उटीची दुर्बीण पुरी झाली. पुढें त्यांनीं खोडदचा संकल्प हातीं घेतला. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवरील ही जागा शहरी गोंगाटापासून दूर होती. १९९० नंतरच्या दशकांत तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत उभ्या राहिल्या. खर्च वांचावा म्हणून पत्र्याऐवजीं तारांची ताणलेली जाळी वापरली. वाराही तींतून निघून जातो.

ही दुर्बीण लांब लहरी टिपते. झोत बंद पडला म्हणजे आंखूड लहरी आधीं विझतात, लांब लहरी मागें उरतात. म्हणून थंडावलेल्या झोतांची राखही येथें दिसते. कांहीं दीर्घिकांत जुन्या झोतांच्या आंत नवी जोडी आढळते. कृष्णविवर निजून पुन्हां जागें झाल्याची ती खूण होय.

परंतु या क्षीण लहरी भ्रमणध्वनीचे मनोरे व विजेचीं यंत्रें यांच्या गोंगाटांत सहज बुडतात. पुणें–नाशिक द्रुतगति रेल्वेच्या नारायणगांवावरून आंखलेल्या मार्गास याच कारणानें हरकत निघाली. जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास टोमॅटो-कांदा बाजारीं नेण्यास रेल्वे हवी, हेंही खोटें नाहीं. दुर्बीण हलवितां येत नाहीं. रुळांस वळण देतां येतें. मात्र त्या वळणाची किंमत शेतकऱ्यानेंच कां भरावी, याचें उत्तर कोणत्याही तबकडींत ऐकूं येणार नाहीं.