कॉम्प्युटर हळू चालतोय, डीफ्रॅग मध्येच अडकतंय? आधी डिस्क ओळखा, फोटो-कागद काढून घ्या, मगच बटण दाबा

काळेवाडी : काळेवाडी, रहाटणी, थेरगाव भागात खोली घेऊन राहणारी आणि चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कामाला जाणारी आपल्या तालुक्यांतली पोरं बरीच आहेत. ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळाला की तो गावाकडे येतो. पोरांचा अभ्यास, सातबाऱ्याच्या पीडीएफ, डेअरीचा हिशोब, लग्नाचे फोटो सगळं त्यातच. वर्ष-दोन वर्षांत तो रखडायला लागतो आणि कोणीतरी सांगतं, "डीफ्रॅग मार." एमएस-सीआयटी केलेल्यांना हा शब्द आठवत असेल. पण ते कधी करायचं, कधी नाही आणि अडकलं तर काय, हे माहीत नसेल तर नुकसान होतं. माझं झालंय, ते पुढे सांगतो.

डीफ्रॅग म्हणजे काय?

आपल्याला १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा माहीत आहे. एकाच माणसाची जमीन चार ठिकाणी विखुरली की औत, पाणी, माणसं घेऊन चार ठिकाणी जावं लागतं. हार्ड डिस्कचंही तसंच. फाइल ठेवायला सलग जागा नसली की कॉम्प्युटर तिचे तुकडे करून मिळेल तिथे ठेवतो. हार्ड डिस्कच्या आत गोल तबकडी असते, ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढे-मागे सरकून माहिती वाचते. तुकडे लांब लांब असले की दांडीची धावपळ वाढते आणि फाइल उघडायला वेळ लागतो. ते तुकडे एका जागी आणणं म्हणजे डीफ्रॅग. आपल्या भाषेत डिस्कची तुकडेजोड.

आधी बघा, डिस्क कुठली आहे

स्टार्टच्या शोध-खिडकीत इंग्रजीत 'डीफ्रॅग' टाइप करा. 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये तिथे 'मीडिया टाइप' असा रकाना दिसतो.

- हार्ड डिस्क ड्राइव्ह लिहिलं असेल तर डीफ्रॅगचा उपयोग होतो.
- सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे एसएसडी असेल तर डीफ्रॅगच्या मागे लागू नका. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, दांडी नाही, त्यामुळे धावपळही नाही. उलट वारंवार लिहिण्याने ती झिजते. विंडोज एसएसडी ओळखतं आणि तिच्यासाठी 'ट्रिम' नावाचं वेगळं, हलकं काम करतं. बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर मात्र टाकू नका.

मोबाइललाही हेच लागू. फोनमध्ये हार्ड डिस्क नसतेच. "फोन डीफ्रॅग करा" म्हणणारं ॲप घेऊन काही फायदा नाही.

बटण दाबण्याआधीची तीन कामं

१. महत्त्वाचं सगळं बाहेर काढा. फोटो, कागदपत्रं, हिशोब पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. जागा मोकळी करा. सामान हलवायला घरात मोकळा कोपरा लागतो, तसंच हे. साधारण १५ टक्के जागा रिकामी हवी. म्हणजे १०० जीबीच्या ड्राइव्हमध्ये १५ जीबी. रिसायकल बिन रिकामा करा, व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ काढा, 'डिस्क क्लीनअप' चालवा. क्लीनअपच्या यादीत 'डाउनलोड्स' दिसलं तर त्याची टिक काढा. आपले दाखले आणि सातबारे बहुतेक तिथेच पडलेले असतात.

३. डिस्क तपासा. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'टूल्स', तिथे 'चेक'. ड्राइव्हमध्ये चूक असेल तर विंडोज डीफ्रॅग करायला नकार देऊ शकतं. त्यामुळे आधी चूक दुरुस्त होऊ द्या, सांगितलं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. त्याच 'टूल्स'मध्ये खाली 'ऑप्टिमाइझ' आहे, तेच डीफ्रॅगचं बटण.

अडकलं असं वाटलं तर

टक्के वाढतात आणि परत शून्यावर येतात : हा बिघाड नाही. डीफ्रॅग एका फेरीत संपत नाही. 'पास १', 'पास २' असं लिहून येतं आणि प्रत्येक फेरीला टक्के नव्याने सुरू होतात. डिस्क मोठी आणि भरलेली असेल तर कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपा.

फारच रेंगाळतंय : ब्राउझर, गाणी, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद करा. तुम्ही फाइल वापरत राहिलात तर ती हलवता येत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा आणि झोपेच्या मोडला जाऊ देऊ नका.

लाइट गेली तर : विंडोज आधी नव्या जागी माहिती लिहितं आणि मग नोंद बदलतं, म्हणून शक्यतो फाइल जात नाही. पण चालू डिस्कची वीज झटक्यात जाणं तिला चांगलं नाही. ज्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, त्याच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. मध्येच थांबवायचं असेल तर 'स्टॉप' दाबा, प्लग ओढू नका.

झाल्यावरही काही टक्के शिल्लक : चालतं. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइल चालू असताना हलत नाहीत. शून्य टक्क्याचा हट्ट धरू नका, रोज रोजही करू नका. विंडोज १० आणि ११ आठवड्याला हे आपोआप करतं. तुमचा कॉम्प्युटर कधीच मोकळा चालू नसतो म्हणून ते राहून जात असेल, तर महिन्यातून एकदा हाताने करा.

इथे मात्र थांबा

डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येतोय, डीफ्रॅग दर वेळी त्याच टक्क्यावर अडतंय, एखादी फाइल कॉपी करताना कॉम्प्युटर गोठतोय, ही तुकड्यांची तक्रार नाही. डिस्क मरायला टेकल्याची खूण आहे. अशा वेळी डीफ्रॅग म्हणजे आजारी बैलाला नांगराला जुंपणं. ते सगळ्या डिस्कभर दांडी फिरवतं आणि उरलेला जीवही जातो.

मी हेच केलं. काळेवाडीतून आणलेला जुना कॉम्प्युटर २७ टक्क्यांवर अडायचा. आवाज येत होता, पण मला वाटलं, जुनं आहे, आवाज करणारच. दोन रात्री परत परत लावला. तिसऱ्या सकाळी विंडोज सुरूच झालं नाही. दुधाचा हिशोब वहीतून परत लिहिता आला. वडिलांचे शेवटच्या वर्षाचे फोटो त्यातच होते, ते कुठेच नव्हते. पहिल्या रात्री डीफ्रॅग न लावता फोटो कॉपी केले असते तर वाचले असते.

म्हणून अशी खूण दिसली तर डीफ्रॅग बंद करा. सगळ्यात मोलाच्या फाइल आधी, मोठे व्हिडिओ नंतर, असं कॉपी करा. कॉपी होत नसेल तर कॉम्प्युटर बंद ठेवून जाणकाराकडे न्या. डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी बसवता येते का विचारा. जुना कॉम्प्युटर पळायला लागतो आणि डीफ्रॅगची कटकटही मिटते. काढलेली डिस्क तशीच भंगारात देऊ नका, तिच्यात आधार आणि बँकेचे कागद असतात.

थोडक्यात : एसएसडीला डीफ्रॅग नको. हार्ड डिस्कला करा, पण कॉपी काढून, १५ टक्के जागा ठेवून, डिस्क तपासून. आवाज आला तर हात आवरा. डिस्क बाजारात परत मिळते, फोटो मिळत नाहीत.