काकासाहेबांना मरावं का लागलं?

मागच्या रविवारी सुनेने आग्रहाने एका नव्या सिनेमाला नेलं. लग्न आणि कमिटमेंट असा विषय आहे म्हणाली, म्हणून मीही हौसेने गेले. नायक-नायिका दोन तास "मी तयार आहे का?" हेच स्वतःला विचारत होते. मग मेंदीचं गाणं, हळदीचं गाणं, ऐन मांडवात थोडी रडारड आणि एकदम दोघं तयार! तयार नसते झाले तरी काय बिघडत होतं? दोघांना नोकरी, दोघांचे फ्लॅट. मी कॉमर्सवाली. ज्या व्यवहारात बुडण्यासारखं काही नाही, त्याची एवढी धास्ती कशाला, हेच मला कळेना. घरी येताना सुनेला तोऱ्यात म्हटलं, "चल, तुला 'कुंकू' दाखवते."

आणि मैत्रिणींनो, 'कुंकू'नंही मला हिरमुसलं केलं. तेही शेवटाला.

प्रभातचा हा 1937 चा सिनेमा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. नीरा झाली आहे शांता आपटे आणि तिचा म्हातारा बिजवर नवरा, वकील काकासाहेब, झाले आहेत केशवराव दाते. मामा पैशासाठी फसवून लग्न लावून देतो. नीरा आरडाओरडा करून पळून जात नाही. त्याच घरात राहते, पण बायको व्हायला नकार देते. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाचे ठोकेसुद्धा अंगावर येतात. सून मोबाईल बाजूला ठेवून बघत होती, यावरून काय ते समजा.

हळूहळू काकासाहेबांना आपली चूक कळते. इथपर्यंत उत्तम. पण मग ते पत्र लिहून आत्महत्या करतात. नीरेने पुन्हा लग्न करावं, ती सुखी व्हावी, अशी त्यांची इच्छा. सून म्हणाली, "आई, चूक कळली तर सोडायचं ना तिला. मरायचं कशाला?"

मलाही आधी तेच वाटलं, लेखकाने सोपी वाट काढली. रात्री झोप येईना, तेव्हा मनातल्या मनात तारखा मांडल्या. एका बाजूला विधवाविवाहाचा कायदा, साल 1856. दुसऱ्या बाजूला घटस्फोट. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी तो कायदा आला 1947 मध्ये! सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1931 मध्येच झाला होता, पण नीरा काही बडोद्याची नव्हे. काही जातींत काडीमोडीचा रिवाज होता, तोही पांढरपेशांत नाही. म्हणजे 1937 मध्ये काकासाहेबांनी कितीही मनापासून ठरवलं असतं, तरी नीरेला सोडवायचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. स्वतः वकील असून! नीरा विधवा झाली तरच मोकळी.

त्याआधीच्या 'संगीत शारदा'त, 1899 मध्ये, देवलांनीही अशीच फट शोधली होती. सप्तपदी पुरी झाली नव्हती, म्हणून शारदा सुटली. सातवं पाऊल पडलं असतं तर नाटककाराचेही हात बांधलेले होते.

आणि नाटक-सिनेमाबाहेर? रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. 1885 चा निकाल तिच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला आणि 1887 मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली, सुरतेत दवाखाना सांभाळला. तरी दादाजी वारल्यावर तिने विधवेचा वेष घेतला, असं तिच्या चरित्रात येतं. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायची सोय तर 1976 ची. तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही.

हे सगळं मला आधीच सुचायला हवं होतं. कारण 'कुंकू' मी पहिल्यांदा पाहिला तो मावशीआजीबरोबर, टीव्हीवर. सूर्यास्ताआधी जेवणं उरकून सगळे समोर बसलो होतो. आजी चौदाव्या वर्षी बिजवराला दिलेली, सावत्र मुलगा तिच्यापेक्षा मोठा. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि पुढची पन्नास वर्षं तिने त्याच घरात डाळी निवडल्या, पाणी गाळलं, नातवंडं वाढवली. 1856 चा कायदा तिच्यासाठीही होताच. तिला तो कुणी सांगितला नाही.

शेवटचा प्रसंग झाला, आम्ही मुली डोळे पुसत होतो. आजी मात्र कोरडी. म्हणाली, "नीरेचा नवरा निदान पत्र तरी लिहून गेला."

आणि जपमाळ घेऊन आत गेली.