सार्वजनिक खर्चाने : उमरठ-महाडच्या इतिहासातील एक पोटवाक्य

उमरठ हे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते एका रात्रीमुळे. माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह घाट उतरून उमरठला आणला आणि ज्या वाटेने आणला तिला मढेघाट हे नाव पडले, असे परंपरा सांगते. तानाजींची समाधी उमरठला आहे. सूर्याजींची समाधी याच पोलादपूर तालुक्यात साखर येथे, आणि ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची खुद्द पोलादपुरात. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यापासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’पर्यंत ही कथा मराठीत पुनःपुन्हा सांगितली गेली. त्यानंतरचे उमरठ मात्र साहित्याला जवळजवळ ठाऊक नाही.

त्यानंतरचे उमरठ आढळते ते सरकारी कागदांत : सारा, उपकर, रस्ता, शाळा, अनुदान, पंचनामा. या कागदांना साहित्याच्या अभ्यासात स्थान नसते. परंतु आमच्या मते या परिसराच्या आधुनिक इतिहासाचा कणा असलेले एक वाक्य त्यांतच दडलेले आहे. वाक्य तरी कशाला, एक पोटवाक्यच ते : जे सार्वजनिक खर्चाने चालते, ते सर्वांना खुले असले पाहिजे. पोलादपूरचा डोंगरी भाग इंग्रजी अमलात महाड तालुक्यात मोडत असे आणि या पोटवाक्याची सर्वांत कठोर परीक्षा महाडलाच झाली.

त्याचा उगम मात्र दूरचा आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याचा अर्ज मुंबई सरकारपर्यंत जाऊनही फळला नाही, पण प्रकरण वर पोहोचले आणि १८५८ साली मुंबई सरकारने धोरण ठरवले : ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते, त्या सर्व वर्गांच्या प्रजेला खुल्या राहतील. येथे ‘संपूर्ण’ हे विशेषण महत्त्वाचे. जेथे स्थानिक वर्गणीदार खर्चात भागीदार आहेत आणि त्यांची हरकत आहे, तेथे अस्पृश्य मुले घालण्याचा आमचा विचार नाही, हेही त्याच धोरणात होते. मात्र जातीमुळे कोणाला शिक्षण नाकारणाऱ्या शाळेचे साहाय्य बंद करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला. तत्त्व, पळवाट आणि धमकी अशा तिन्ही गोष्टी एकाच मजकुरात. पुढची ऐंशी वर्षे या तिघांचाच खेळ चालला, असे म्हटले तरी चालेल.

१८६० नंतरच्या दशकात लोकल फंडाचा उपकर आला : साऱ्याच्या रुपयामागे एक आणा, त्याचा एक तृतीयांश शाळांना आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांना. आता खेड्यातल्या शाळेचा पैसा ‘सरकारचा’ की ‘गावाचा’? जो सारा भरतो तो उपकर भरतो, आणि तो आणा कोणत्या जातीच्या घामातून आला हे काही आण्यावर लिहिलेले नसते. १८८२च्या हंटर आयोगाने पोटवाक्य रुंद केले. प्रांतिक, नगरपालिकेचा वा स्थानिक, कोणताही सार्वजनिक निधी असो, त्यावर पूर्णतः चालणाऱ्या संस्थेला हे तत्त्व लागू करावे, असे त्याने सुचवले. परंतु ‘योग्य ती सावधगिरी बाळगून’. सरकारी गद्यात क्रियापदापेक्षा क्रियाविशेषण बलवत्तर असते, याचा हा उत्तम नमुना आहे.

पैसा कोठे खर्चावा हे ठरवणाऱ्या मंडळीत बसायचे कोणी, हा प्रश्न पुढे आला. ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावदुळचे, सैन्यातून निवृत्त झालेले. दलित साहित्याच्या पूर्वपीठिकेत त्यांचे नाव आपण सांगतो; पण १८९५ साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले आणि उच्चवर्णीय सभासदांना त्यांच्यासह बसणे मानवले नाही, हे क्वचितच सांगतो. ज्या उपकराच्या हिशेबात त्यांच्या लोकांचाही आणा होता, त्या हिशेबाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची नको होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १८५८चे शाळेपुरते पोटवाक्य आता पाण्यापर्यंत आले, आणि पाणी ही शाळेहून फार अवघड गोष्ट. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, तळ्यावर कोणी गेले नाही. १९२६च्या ऑगस्टमध्ये बोले पुन्हा उभे राहिले : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड ठराव अमलात आणणार नाही, तिचे अनुदान सरकारने थांबवावे. अडुसष्ट वर्षांपूर्वी राखून ठेवलेला अधिकार आता तरी वापरा, एवढेच हे मागणे होते.

यानंतरच्या दोन घटना आपण सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. विधिमंडळाचे नवे नियुक्त सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या तरतुदीवर बोलले. प्रांत शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतो आणि दारूच्या अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतो, हे त्यांनी दाखवून दिले. लोकांकडून जे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. अंदाजपत्रकावरचे भाषण आणि तळ्यावरची ओंजळ यांत आम्हांला एकच युक्तिवाद दिसतो : हा पैसा आमचाही आहे. फरक एवढाच की सभागृहात तो आकड्यांनी मांडला आणि तळ्यावर देहाने.

त्या परिषदेचा एक लहानसा हिशेब चरित्रकारांनी नोंदवला आहे. परिषदेसाठी लागणारे पाणी स्पृश्यांकडून ४० रुपयांना विकत घ्यावे लागले. कागदोपत्री खुल्या झालेल्या तळ्याच्या गावात ही रक्कम मोजावी लागली. सार्वजनिक खर्चाचा इतिहास लिहिणाऱ्याने अनुदानांच्या रकान्याशेजारी हे चाळीस रुपयेही मांडले पाहिजेत.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. डिसेंबरात स्पृश्य मंडळी दिवाणी न्यायालयात गेली आणि सत्याग्रहापूर्वी मनाई हुकूम घेऊन आली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र तहकूब ठेवावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ला, अस्पृश्यांच्या बाजूने. पण कशाच्या आधारे? तळ्यावर केवळ स्पृश्यांचाच हक्क असल्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर. रूढी जुनी ठरली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निकाल वाचताना मनात उरतोच. जय झाला, परंतु पोटवाक्याला न्यायालयाने हात लावला नाही. ते काम संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने केले. विहिरी, तळी, घाट, रस्ते, जे पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेले आहेत, त्यांच्या वापराला जातीची आडकाठी नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. त्यातला ‘अंशतः’ हा शब्द वाचताना १८५८चा ‘संपूर्ण’ आठवावा. त्या दोन शब्दांच्या मध्ये महाड आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६२च्या १ मेपासून जिल्हा परिषदा आल्या. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो १९७९च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. १९७५च्या व्यवसाय कराचा पैसा तिच्यासाठी राखला गेला. मुंबईतल्या पगारदारांकडून, ज्यांत गिरणीतले कोकणी चाकरमानीही आले, पैसा घ्यायचा आणि खेड्यात काम मागणाऱ्याला मजुरी द्यायची, अशी ही योजना. आमच्या पगारपत्रकावरचे दोनशे रुपये, फेब्रुवारीतले तीनशे, त्याच करापोटी कापले जातात. ते पाहून कुरकुरणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही हा इतिहास सांगतो, त्यांची कुरकुर त्याने थांबत नाही. पूर्वीच्या पोटवाक्यात खर्च झाल्यावर वापराचा हक्क होता. येथे प्रथमच खर्चाचीच मागणी करण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्राचे हे खरे वाङ्मय आहे, असे आम्ही म्हणालो तर अतिशयोक्ती वाटेल, पण म्हणतो.

आणि उमरठ? तेथे तानाजींचे स्मारक आहे, महाडला क्रांतिस्तंभ आहे. दोन्ही ठिकाणी पुढारी येतात, घोषणा होतात, आणि त्या दिवसांपुरता रस्ता नीट होतो. स्मरणावर राज्याने खर्च करावा, याला आमची हरकत नाही. शाहिराला जे जमले ते अंदाजपत्रकालाही जमावे. मात्र या डोंगरात सरकार मोठ्या प्रमाणावर येते ते आणखी एका निमित्ताने. २५ आणि २६ जुलै २००५च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखरच्या सुतारवाडीत ११ जण गेले. साखर म्हणजे सूर्याजींच्या समाधीचे गाव. समाधीसाठीचा निधी, मृतांच्या वारसांना मदत, पुनर्वसनाची घरे, हे सारे वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली पडते. डोंगर कलला असता गाव आधी हलवावे, यासाठीचा पैसा मागण्याचा हक्क कोणत्या लेखाशीर्षाखाली येतो, हे मात्र सुतारवाडीने कोणत्या कचेरीत जाऊन विचारायचे?