ढाक : कमरेवरच्या एका डावाची हकीकत

चैत्र उजाडला कीं जुन्नर-आंबेगांवाकडे, निमगांव साव्याच्या आसपासच्या मुलखांत, यात्रांचा हंगाम सुरू होतो. पालखी झाली, नैवेद्य झाले, कीं दुपारच्या उतरत्या उन्हांत कुस्त्यांचा आखाडा धरावयाचा, ही रीत जुनी आहे. आरंभ रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनीं होतो आणि मोठ्या इनामाची जोड दिवस मावळतां मावळतां सुटते. अशा आखाड्यांत एक क्षण असा येतो कीं, दोघांपैकीं एक गडी एकाएकीं प्रतिपक्ष्याकडे पाठ फिरवितो. नवख्या माणसास वाटतें, हा पळाला. पण जाणते म्हातारे तोंवर उठून उभे राहिलेले असतात. कारण पुढच्याच निमिषांत दुसरा गडी त्याच्या कमरेवरून उलटा होऊन मातींत चीत पडावयाचा असतो. हाच ढाक.

मल्लविद्या या भूमीस नवी नाहीं. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला, त्यांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र ढाकेचें मर्म ग्रंथांत शोधण्यापेक्षां हौद्यांत पाहावें. प्रतिपक्ष्याचा दंड एका हातानें ओढून धरावयाचा, दुसरा हात त्याच्या मानेवरून टाकून डोकें बगलेंत घट्ट आवळावयाचें, आणि तो पुढें झुकला कीं वळून आपली कंबर त्याच्या पोटाखालीं न्यावयाची. येथें गुडघे वांकलेले हवेत. आपली कंबर त्याच्या कमरेहून खालीं गेली तरच तो तिच्यावर चढतो. वर राहिली तर कितीही जोर केला तरी डाव फसतो. कंबर खालीं शिरली कीं गुडघे ताठ करीत धड वळवावें. बाकीचें काम त्याचें स्वतःचेंच वजन करतें. म्हणून हा डाव ठेंगण्या, चपळ गड्याचा. धिप्पाड पैलवानास इतकें खालीं जाणें जड पडतें.

हेंच रहस्य जपानांत जिगोरो कानो या शिक्षकानें निराळ्या वाटेनें मांडलें. त्यानें १८८२ सालीं तोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत कोडोकान ही शाळा काढून जुन्या जुजुत्सूला ज्यूदोचें रूप दिलें. प्रत्येक फेकीचे त्यानें तीन टप्पे पाडले : आधीं तोल मोडणें, मग आपलें अंग जागेवर बसविणें, आणि शेवटीं फेकणें. शिकाऊ माणूस नेहमीं तिसऱ्यापासून आरंभ करतो आणि फसतो; हें कानोच्या शाळेंत जितकें खरें, तितकेंच आपल्या तालमींतही. कमरेवरच्या फेकींचा तर ज्यूदोंत वेगळा वर्गच आहे. त्यांतील 'ओ-गोशी'मध्यें हात प्रतिपक्ष्याच्या कमरेभोंवतीं जातो. 'कोशी-गुरुमा'मध्यें तो मानेभोंवतीं जातो, आणि ही फेक म्हणजे ढाकेची सख्खी बहीणच. कानोची आवडती कंबरफेक त्याचा शिष्य शिरो साइगो उडी मारून चुकवूं लागला, तेव्हां गुरूनें पायाचा फटकारा जोडून नवी फेक सिद्ध केली, असें सांगतात. डावास तोड आणि तोडीस पुन्हां डाव, हा वस्तादांचा खेळ तेथेंही चालूच होता!

फरक आहे तो पकडीचा. ज्यूदोच्या खेळाडूच्या अंगांत जाड सदरा असतो. त्याची बाही व गळपट्टी धरून तोल मोडतां येतो. लंगोटबंद पैलवानाला धरावयास कापड नाहीं, घामानें हात निसटतो. म्हणून आपले गडी एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, आणि म्हणूनच ढाकेंत मानेचा आधार घ्यावा लागतो.

ती मातीच पायांखालून काढून घेतली तर काय होतें, हें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा दादासाहेब जाधवांनीं अनुभवलें. १९२६ सालीं पैलवानाच्या घरीं त्यांचा जन्म झाला, आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते गादीवर उतरले, तेव्हां नियमही परके होते. गांवच्या निकाली कुस्तींत खांदे मातीस लागेपर्यंत कांहींच हरलें जात नाहीं. तेथें मात्र ठराविक मिनिटें संपलीं कीं पंच निवाडा देणार. फसलेल्या ढाकेची किंमत अशा जागीं वाढते, कारण पाठ तर आधींच शत्रूच्या हातीं दिलेली असते. तरीही खाशाबा आपल्या वजनांत सहावे आले.

पुढची चार वर्षें गादीच्या सरावांत गेलीं. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हां कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्यें, ५७ किलो वजनाच्या गटांत, खाशाबांनीं कानडाच्या पोलिकिनास व मेक्सिकोच्या बासुर्तोस हरविलें. अखेरच्या तिघांत त्यांच्यासमोर रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि जपानचा शोहाची इशी असे दोघे राहिले. हा इशी मुळांतला ज्यूदोचा विद्यार्थी. महायुद्धानंतर परक्या अंमलांत जपानी शाळांतून ज्यूदो बंद झाला, तेव्हां तो कुस्तीकडे वळलेला. कोडोकानच्या परंपरेंत वाढलेली कंबर आणि कऱ्हाडच्या मातींत घडलेली कंबर अशी एका गादीवर समोरासमोर आली. दोन्ही सामने खाशाबांच्या हातून गेले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोव्हास रौप्य आणि खाशाबांस कांस्य मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गांवीं घेऊन गेली. गहाण घर मात्र अजून सुटावयाचें होतें. खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्या ठेवल्या, स्वतः मातींत उतरले, आणि त्या मैदानांतून आलेला पैसा खर्डेकरांच्या घरासाठीं दिला.