सौर हरित हायड्रोजन : निर्मिती आणि साठवण

सौर विजेने पाण्याचे विद्युत् विच्छेदन करून मिळवलेला हायड्रोजन वायू. ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो, धनाग्रावर ऑक्सिजन. भारत सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये ठरवलेल्या निकषानुसार किलोमागे कार्बन डाय-ऑक्साइडचे तुल्य उत्सर्जन 2 किलोच्या आत असेल, तरच त्याला ‘हरित’ म्हणता येते.

एका किलोला पाणी 9 लिटर लागते. शुद्धीकरणातली घट धरली तर बरेच जास्त. पण खरा खर्च विजेचा. 50 ते 55 युनिट घालावीत, तेव्हा हाती येणाऱ्या इंधनात 33 युनिट उरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर चालणारी जुनी अल्कधर्मी यंत्रे टिकाऊ व तुलनेने स्वस्त. मात्र ढग येऊन वीज घटली की त्यांत दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याचा धोका वाढतो. प्रोटॉन-विनिमय पटलाची यंत्रे असे चढउतार चटकन झेलतात, पण त्यांना इरिडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो.

आसामातील जोरहाट येथे ऑइल इंडियाने 20 एप्रिल 2022 रोजी सुरू केलेला प्रायोगिक प्रकल्प लहान असल्यामुळेच बोलका आहे. 500 किलोवॅटचे सौर पॅनल, 100 किलोवॅटचे ऋणायन-विनिमय पटलाचे यंत्र, रोजची क्षमता 10 किलो. 10 किलोला लागणारी वीज घ्यायला या यंत्राला पाच-साडेपाच तास लागतात. म्हणजे चांगले ऊन असते तेवढाच वेळ. हा 10 किलो वायू साध्या दाबाला सुमारे 120 घनमीटर जागा व्यापतो, एखादा दिवाणखाना भरेल इतकी. 700 बार दाबाखाली तोच पाव घनमीटरमध्ये मावतो.

साठवणीचा प्रत्येक मार्ग काहीतरी वसूल करतो. अतिदाबाच्या टाक्या महाग असतात, शिवाय हायड्रोजन शिरून काही पोलादे ठिसूळ होतात. द्रवरूपासाठी उणे 253 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करताना त्यातील ऊर्जेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज जाते. मोठ्या साठ्याला मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्या उत्तम; इंग्लंडमधील टीसाइड येथे त्या 1970च्या दशकापासून वापरात आहेत. पण असे थर सर्वत्र नसतात.

आणखी एक मार्ग म्हणजे हायड्रोजनचा अमोनिया करून ठेवणे. अमोनिया उणे 33 अंशांवर द्रव होतो, त्यामुळे तो हाताळणे सोपे. त्यातून हायड्रोजन पुन्हा सोडवायचा तर ऊर्जेचा आणखी एक हप्ता भरावा लागतो. अमोनिया थेट खतासाठी वापरला तर हा हप्ता वाचतो. भारतात हे नवे नाही. 1960च्या दशकात पंजाबातील नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या जलविजेने पाणी विच्छेदून अमोनिया बनवत असत.