सीपीयू कूलरचे मूल्यमापन

डेस्कटॉप संगणकातील प्रोसेसरची उष्णता दूर नेणाऱ्या उपकरणास सीपीयू कूलर म्हणतात. उच्च क्षमतेच्या अनेक प्रोसेसरांसोबत हल्ली कूलर दिला जात नाही. तो ग्राहकाला स्वतंत्रपणे निवडावा लागतो. असा कूलर किती उष्णता किती आवाजात दूर नेतो, याची पडताळणी म्हणजे त्याचे मूल्यमापन होय.

रचना

हवेवर चालणाऱ्या कूलरमध्ये धातूचा तळ, तांब्याच्या उष्णतानलिका, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि पंखा हे मुख्य भाग असतात. नलिकेतील द्रवाची तळाशी वाफ होते, ती थंड टोकाशी पुन्हा द्रवरूप होते व सच्छिद्र अस्तरातून परत येते. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीच्या २०१४ साली आलेल्या एनएच-डी१५ या कूलरमध्ये अशा सहा नलिका आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत.

तापमानाची तुलना

असा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे खोलीचे तापमान न सांगता दिलेला आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो. पाहायची असते ती खोलीच्या तापमानावर झालेली वाढ. समजा, २२ अंश सेल्सिअसच्या खोलीत प्रोसेसर ८३ अंशांवर स्थिरावला, तर वाढ ६१ अंशांची झाली. तोच कूलर तेवढ्याच विद्युतभारावर विदर्भातील मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत चालवल्यास प्रोसेसर सुमारे ९९ अंशांवर जाईल. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. ती गाठल्यावर तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. मात्र ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. थंड खोलीतील परीक्षणावर विसंबून खरेदी करणाऱ्यास हा फरक उन्हाळ्यातच कळतो.

एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सबाबत तापमानाचा आकडा वेगळ्याच प्रकारे फसवतो. पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथे टिकून राहावे, अशीच त्याची रचना आहे. साधा आणि उत्तम, दोन्ही कूलर लावून तापमान ९५ अंशच दिसू शकते. अशा वेळी प्रोसेसरने टिकवलेला वेग किंवा वापरलेली वीज तपासावी लागते.

भार आणि आवाज

चाचणीतील विद्युतभार स्थिर असावा. उपर्युक्त इंटेल प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॉट, तर कमाल २५३ वॉट आहे; म्हणजे केवळ प्रोसेसरच्या नावावरून भार ठरत नाही. कूलरच्या खोक्यावरील वॉटचा आकडा ठरवण्याची सर्वमान्य पद्धत नाही, म्हणून त्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये. पंखा जोरात फिरवून तापमान उतरवणे सोपे असते. खरी कसोटी समान आवाजावर लागते. आवाजात १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते.

जोडणी

उष्णतावाहक लेप कमी पडणे, स्क्रू असमान आवळले जाणे किंवा तळावरील संरक्षक प्लास्टिक काढायचे राहणे यांमुळे चांगला कूलरही नापास होतो. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत कूलर काढून पुन्हा बसवला जातो. एनएच-डी१५ची उंची १६५ मिलिमीटर असल्याने तो अरुंद कॅबिनेटात मावत नाही; रॅमच्या उंच पट्ट्याही पंख्याला अडू शकतात. दोन पंख्यांसह त्याचे वजन १.३२ किलोग्रॅम भरते. संगणक दूरवर न्यायचा असल्यास इतका जड कूलर उतरवून ठेवणे किंवा कॅबिनेट आडवे ठेवून नेणे इष्ट असते.